जुन्या माउंटन सायकलींचा संग्रह आणि पुनर्बांधणी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाचकांकडून सतत येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. एकच गोष्ट दोनदा सांगावी लागू नये म्हणून गरज असेल तेथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ‘जुनी’ म्हणजे नेमकी कोणत्या सालापर्यंतची माउंटन सायकल?

सर्वमान्य अशी तारीख नाही, पण बहुतेक संग्राहक १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून १९९०च्या दशकाच्या मध्यापर्यंतचा काळ धरतात. कॅलिफोर्नियातील मरिन काउंटीमध्ये काही तरुण युद्धपूर्व काळातील जाडजूड श्विन सायकली डोंगरातील कच्च्या रस्त्यांवरून खाली पळवत असत, आणि २१ ऑक्टोबर १९७६ रोजी तेथे ‘रिपॅक’ ही शर्यत पहिल्यांदा झाली. त्या सायकलींचा ब्रेक मागच्या हबच्या (चाकाच्या मध्यावरील, आस धरणाऱ्या भागाच्या) आत असे. उतार संपेपर्यंत तो इतका तापे की आतले ग्रीस जळून जाई आणि हब पुन्हा ग्रीसने भरावा (इंग्रजीत ‘रिपॅक’) लागे; शर्यतीचे नाव त्यावरूनच पडले. या वापरासाठीच मुद्दाम नवी फ्रेम बांधण्याचे काम जो ब्रीझ यांनी १९७७ मध्ये केले, १९७९ मध्ये गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी टॉम रिची यांच्या फ्रेम घेऊन ‘माउंटनबाइक्स’ ही कंपनी काढली, आणि १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीची जपानमध्ये तयार झालेली स्टम्पजंपर दुकानांत पोहोचली.

शेवटची मर्याद कोठे आखायची यावर वाद होतात. काहींच्या मते १९८९-९०च्या सुमारास आलेल्या रॉकशॉक्स आरएस-१ या सस्पेन्शन फोर्कनंतर (पुढचे चाक धरणाऱ्या, धक्के शोषणाऱ्या दुपाखी भागानंतर) जुना काळ संपला. मला १९९६च्या आसपास आलेला व्ही-ब्रेक (दोन लांब उभ्या हातांनी रिम दाबणारा ब्रेक) ही अधिक पटणारी मर्याद वाटते, कारण तोपर्यंतच्या सायकलींचे सुटे भाग बऱ्याच अंशी एकमेकांना लागू पडतात.

२. अगदी सुरुवातीच्या सायकली अजून विकत मिळतात का?

फार क्वचित. ब्रीझ यांच्या पहिल्या मालिकेत एकूण दहाच सायकली बनल्या आणि त्यांतील पहिली आज अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. ‘क्लंकर’ (मरिनमधील त्या जुन्या, जुळवलेल्या जाडजूड सायकली) म्हणून विकल्या जाणाऱ्या सायकलींबाबत मात्र सावध राहावे. जुनी श्विन फ्रेम, मोटारसायकलचे ब्रेक-लिव्हर आणि रुंद हँडल एकत्र करून तशी सायकल आजही कोणालाही जुळवता येते. जुनी छायाचित्रे आणि मालकीचा मागोवा मिळत नसेल, तर ती सायकल नुसत्या सुट्या भागांच्या किमतीची समजावी.

३. संग्रहाची सुरुवात कोणत्या सायकलीने करावी?

साधारण १९८८ ते १९९३ या काळातील, मधल्या दर्जाच्या, सस्पेन्शन नसलेल्या पोलादी सायकलीने. स्पेशलाइज्ड रॉकहॉपर, ट्रेकची ९०० मालिका किंवा डायमंडबॅकच्या त्या काळातील पोलादी सायकली ही चांगली उदाहरणे आहेत. त्या संख्येने भरपूर बनल्या, फ्रेम मजबूत आहेत आणि भाग शोधताना दमछाक होत नाही. क्लाइन, फॅट चान्स किंवा यती या कंपन्यांची नावे मोहात पाडतात, पण पहिलाच हात त्यांच्यावर मारू नये. विशेषतः क्लाइनच्या काही फ्रेममध्ये हेडसेट (हँडल फिरवणारा सांधा) आणि बॉटम ब्रॅकेट (पेडलांचा आस फिरतो तो भाग) यांचे बेअरिंग थेट दाबून बसवलेले असते आणि नेहमीची हत्यारे तेथे उपयोगी पडत नाहीत.

४. सायकल कोणत्या साली बनली हे कसे ओळखावे?

फ्रेमवरील क्रमांकाची पद्धत प्रत्येक कंपनीची वेगळी असते, म्हणून आधी सुट्या भागांकडे पाहावे. शिमानो या जपानी कंपनीच्या त्या काळातील भागांवर दोन इंग्रजी अक्षरे ठोकलेली असतात. पहिले अक्षर वर्षाचे असते, ‘ए’ म्हणजे १९७६ आणि पुढे क्रमाने; दुसरे महिन्याचे असते, ‘ए’ म्हणजे जानेवारी आणि ‘एल’ म्हणजे डिसेंबर. क्रँकच्या (पेडल जोडलेल्या दांड्याच्या) आतल्या बाजूला ‘एमसी’ दिसले तर तो क्रँक मार्च १९८८ चा आहे. हीच अक्षरे डिरेलरच्या (चेन एका दातेचक्रावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या भागाच्या) मागच्या अंगाला, हबवर आणि ब्रेकवरही शोधावीत.

चार-पाच भागांच्या तारखा काही महिन्यांच्या आत आल्या, तर सायकल बहुधा मूळ अवस्थेत आहे. एखादाच भाग तीन वर्षांनी पुढचा निघाला, तर तो नंतर बदललेला आहे. भाग आधी बनतात आणि सायकल नंतर जुळते, शिवाय पुढील वर्षाचे मॉडेल आदल्या वर्षीच्या शरद ऋतूत बाजारात येते, हेही हिशेबात धरावे. १९८७ च्या अखेरचे भाग असलेली सायकल १९८८ चे मॉडेल म्हणूनच विकली गेलेली असते.

५. विकत घेण्यापूर्वी काय तपासावे?

आधी फ्रेम, मग बाकी सारे. चेन, केबल, टायर, ब्रेकचे रबर हे बदलायचेच असते. त्यांच्या अवस्थेवरून घासाघीस करता येते, निर्णय मात्र फ्रेमवरून घ्यावा.

खालच्या नळीच्या पोटावर, हेडट्यूबपासून (हँडलखालच्या आखूड नळीपासून) चार बोटे मागे, नख हलकेच ओढून पाहावे. तेथे रंगाला बारीक वळी पडलेली जाणवली तर सायकल समोरून जोरात आदळलेली आहे, मग फोर्क कितीही सरळ दिसो. त्यानंतर सीटपोस्ट (सीटचा दांडा) शिरतो त्या नळीच्या चिरेचे टोक, मागच्या ड्रॉपआउटचे (चाकाचा आस बसतो त्या खाचेचे) जोड आणि बॉटम ब्रॅकेटभोवतीचे सांधे तिरप्या उजेडात पाहावेत. पोलादी फ्रेमवर रंगातून आलेली बारीक तपकिरी रेघ बहुतेक वेळा भेगेची खूण असते.

फ्रेम सरळ आहे की नाही, हे साध्या दोऱ्याने कळते. एका बाजूच्या मागच्या ड्रॉपआउटला दोरा बांधून तो हेडट्यूबला वळसा घालून दुसऱ्या बाजूच्या ड्रॉपआउटपर्यंत ताणावा आणि सीटट्यूबपासून (सीटखालच्या नळीपासून) दोन्ही बाजूंचे अंतर मोजावे. दोन्हींत एक-दोन मिलिमीटरचा फरक असेल तर चिंता नको. त्याहून जास्त असेल तर कारण शोधावे.

शेवटी सीटपोस्ट आणि स्टेम (हँडल फ्रेमला जोडणारा भाग) हलतात का, ते विक्रेत्यासमोरच पाहावे. “थोडे तेल सोडले की सुटेल” या आश्वासनावर विसंबू नये. ते सुटणे किती अवघड असते, हे प्रश्न ९ मध्ये दिले आहे.

६. फ्रेमला नवा रंग द्यावा का?

शक्यतो देऊ नये. ओरखडे आणि टवके असलेला मूळ रंग संग्राहकाला नव्या कोऱ्या रंगापेक्षा अधिक मोलाचा वाटतो, कारण तो पुन्हा तयार करता येत नाही. १९८०च्या दशकाच्या अखेरचे शिंतोड्यांचे आणि भडक निऑन रंग तर हुबेहूब जुळवणे फारच कठीण असते. साबणपाण्याने धुऊन, सौम्य पॉलिशने चकाकी आणून वर मेणाचा थर द्यावा. पॉलिश आधी बॉटम ब्रॅकेटच्या खाली वापरून पाहावे, कारण काही कंपन्यांची अक्षरे वार्निशच्या वर चिकटवलेली असतात आणि पहिल्याच हाताला निघून येतात.

रंग जवळपास उरलाच नसेल, खाली गंज पसरत असेल किंवा आधीच कोणी ब्रशने रंग फासलेला असेल, तर नव्याने रंगवण्यात गैर काही नाही. तसे करण्यापूर्वी प्रत्येक अक्षराचे स्थान मोजून छायाचित्र काढून ठेवावे.

७. गंज काढण्यासाठी काय वापरावे?

क्रोमच्या वरवरच्या गंजाला पाण्यात भिजवलेला ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा पुरतो. क्रोमपेक्षा तो मऊ असल्याने ओरखडे पडत नाहीत. फ्रेमवरील आणि पोलादी सुट्या भागांवरील खोल गंजासाठी ऑक्झॅलिक ॲसिडचे सौम्य द्रावण उत्तम चालते. हे रसायन विषारी आहे, म्हणून हातमोजे आणि चष्मा घालूनच काम करावे आणि नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने भाग नीट धुवावा. द्रावणात ॲनोडाइज केलेले ॲल्युमिनियमचे भाग ठेवू नयेत. आतल्या गंजाकडे मात्र बहुतेकांचे दुर्लक्ष होते. बॉटम ब्रॅकेट काढल्यावर फ्रेम उभी-आडवी करून ठोकावी; तांबडी पूड पडत राहिली तर आत गंजरोधक तेल फवारून ते सगळ्या नळ्यांत फिरवावे.

८. सायकल पूर्ण सुटी करावी का आणि कोणत्या क्रमाने?

वापरायची असेल तर करावी, कारण तीस वर्षांत ग्रीसचा मेणासारखा गोळा झालेला असतो. प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र काढावे आणि एका जागेचे स्क्रू, वायसर एकाच डबीत ठेवावेत. केबल तोडण्याआधी तिचा मार्ग नोंदवावा. नवख्यांची सर्वांत जास्त फसगत आट्यांच्या दिशेत होते. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. तसेच इंग्लिश पद्धतीच्या बॉटम ब्रॅकेटमध्ये, म्हणजे बहुतेक माउंटन सायकलींत, चेनच्या बाजूचा कप उलट्या आट्यांचा असतो आणि तो घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवून सुटतो. इटालियन पद्धतीत दोन्ही बाजू सरळ आट्यांच्या असतात, म्हणून जोर लावण्यापूर्वी कपावरील खूण वाचावी.

९. सीटपोस्ट फ्रेममध्ये घट्ट अडकला आहे. काय करावे?

पोलादी नळीत ॲल्युमिनियमचा दांडा ग्रीसशिवाय राहिला आणि मध्ये ओलावा गेला, की दोन धातूंमधील विद्युत-रासायनिक क्रियेने ॲल्युमिनियमवर पांढरा क्षार चढतो. त्याला दांड्याहून जास्त जागा लागते, त्यामुळे तो पाचरीसारखा बसतो. म्हणून नुसती ताकद लावण्यापेक्षा चिकाटी कामी येते.

प्रथम सीटचा क्लँप पूर्ण काढावा. बॉटम ब्रॅकेटही काढून सायकल उलटी टांगावी आणि आत शिरणारे तेल खालून, म्हणजे सीटट्यूबच्या आतून, सोडावे. वरच्या चिरेतूनही ते द्यावे. रोज थोडे थोडे असे आठवडाभर चालू द्यावे. त्यानंतर सीटपोस्टचे डोके भक्कम शिकंज्यात पकडून फ्रेमच दोन्ही हातांनी हलकेच इकडेतिकडे फिरवावी. पहिला ‘कट्’ असा आवाज आला की अर्धे काम झाले. नळी पातळ असेल आणि सारी फ्रेम पिळवटते आहे असे वाटले, तर तेथेच थांबावे.

तरीही न सुटल्यास दांडा वरून कापून, हॅकसॉच्या पात्याने आतून उभी चीर पाडावी आणि दांडा आत मुडपून काढावा. हे काम कंटाळवाणे आहे आणि पाते फ्रेमच्या नळीला लागणार नाही याकडे सतत लक्ष ठेवावे लागते. कॉस्टिक सोड्याने ॲल्युमिनियम विरघळवण्याचा उपाय फक्त पोलादी फ्रेमला चालतो. त्यात उष्णता आणि ज्वालाग्राही हायड्रोजन निर्माण होतो, रंग जातो, कातडी भाजते. म्हणून तो उघड्यावर, पूर्ण संरक्षण घेऊन आणि अखेरचा मार्ग म्हणूनच करावा. फ्रेम ॲल्युमिनियमची असेल तर हा विचारच सोडावा, कारण दांड्याबरोबर फ्रेमही खाल्ली जाईल.

नवा दांडा घेताना माप अचूक असावे. २६.४ पासून २७.२ मिलिमीटरपर्यंत ०.२ च्या फरकाने अनेक मापे आहेत. आधीच्या मालकाने बारीक दांडा घालून क्लँप आवळला असेल तर नळीचे कान आत झुकलेले दिसतात.

१०. क्रँक निघत नाही. हातोडी चालेल का?

नाही. चौकोनी टोकाच्या आसावरील क्रँक ओढून काढण्याचे खास हत्यार मिळते. ते क्रँकच्या आट्यांत पूर्ण आतपर्यंत बसवावे. अर्धवट बसवून जोर लावला तर ॲल्युमिनियमचे आटे मरतात आणि क्रँक हातचा जातो. त्याआधी आतला बोल्ट आणि त्यामागचा वायसर दोन्ही निघाले आहेत ना, याची खात्री करावी. वायसर विसरल्याने आटे गेलेले क्रँक नेहमी पाहायला मिळतात.

११. मागच्या चाकावर फ्रीव्हील आहे की कॅसेट, हे कसे समजते आणि ते काढायचे कसे?

फ्रीव्हील हा हबवर आट्यांनी बसणारा दात्यांचा संच असतो, कॅसेट हबच्या खाचांवर सरकवून बसवलेली असते. दात्यांचा संच उलटा फिरवून मध्यभागी हत्यार बसवण्याच्या खाचांकडे पाहावे. खाचा दात्यांबरोबर फिरल्या तर कॅसेट आहे, स्थिर राहिल्या तर फ्रीव्हील. फ्रीव्हील पेडल मारण्यानेच आवळत जाते, त्यामुळे ते सुटताना फार हट्टी असते. हत्यार खाचांत बसवून क्विक-रिलीजच्या (चाक हाताने झटकन आवळण्या-सोडण्याच्या दांडीच्या) नटने सैलसर धरून ठेवावे, पाव वळसा सुटला की नट सैल करावा, मग पुढे फिरवावे. सनटूर कंपनीच्या दोन आणि चार खाचांच्या फ्रीव्हीलना वेगवेगळी हत्यारे लागतात. हब वाचवायचा असेल तर फ्रीव्हील काढण्यापूर्वी आरे कधीही कापू नयेत. चाकाचा आधार गेला की फ्रीव्हील सुटण्याची आशा जवळपास संपते.

कॅसेटमध्येही एक अपवाद आहे. १९८९ मध्ये हायपरग्लाइड ही नव्या पद्धतीची कॅसेट येण्यापूर्वीच्या शिमानोच्या युनिग्लाइड कॅसेटला वेगळे लॉकरिंग (संच आवळून धरणारी कडी) नसते. सर्वांत लहान दातेचक्रच आट्यांवर आवळलेले असते आणि ते दोन चेन-व्हिपने (चेनचा तुकडा लावलेल्या दांड्यांनी) काढावे लागते. अशा हबवर आजची कॅसेट थेट बसत नाही.

१२. हबमधील छर्रे बदलणे गरजेचे आहे का?

होय, दरवेळी. पुढच्या हबमध्ये सहसा ३/१६ इंचाचे प्रत्येक बाजूला १० आणि मागच्या हबमध्ये १/४ इंचाचे प्रत्येक बाजूला ९ छर्रे असतात. कोनवर (छर्रे टेकतात त्या शंकूसारख्या नटवर) खड्डे पडले असतील तर कोनही बदलावा. हबच्या आतली वाटी खराब झाली असेल तर ती सहसा बदलता येत नाही. जुळवताना आसात किंचित खेळ ठेवावा, कारण क्विक-रिलीज आवळल्यावर आस दाबला जातो आणि तो खेळ नाहीसा होतो. चाक सायकलबाहेर असताना अगदी नेमके जुळवले, तर सायकलवर ते जड फिरते.

१३. गिअरचा शिफ्टर नुसताच फिरतो, पकडतच नाही. तो गेला का?

बहुधा नाही. १९९०च्या आसपासच्या शिमानोच्या रॅपिडफायर शिफ्टरमधील छोटी पॉल (दात्यांत अडकणारी खीळ) घट्ट झालेल्या ग्रीसमुळे आपल्या जागी परतत नाही. शिफ्टर न उघडता पातळ विरघळक फवारून लिव्हर शंभरेक वेळा दाबत राहावा, घाण वाहून गेली की हलके तेल द्यावे. घाईने उघडू नये, आतल्या स्प्रिंगा जागेवर परत बसवणे हे घड्याळजीचे काम आहे. शिमानोच्या डिओर एक्सटी एम७३२ सारखे अंगठ्याचे शिफ्टर अधिक टिकाऊ असतात आणि त्यांत खाचा बंद करून गिअर नुसत्या घर्षणावर चालवता येतो. भाग एकमेकांशी जुळत नसतील तेव्हा ही सोय फार कामाची असते. शिमानो आणि सनटूरचे खाचांचे गिअर सहसा एकमेकांबरोबर नीट चालत नाहीत.

१४. टायरवर ‘२६ इंच’ लिहिले आहे, तरी तो बसत नाही. असे का?

‘२६ इंच’ या नावाखाली वेगवेगळ्या व्यासांच्या रिम निघाल्या आहेत. माउंटन सायकलच्या रिमचा व्यास ५५९ मिलिमीटर असतो, तर ‘२६ × १ ३/८’ लिहिलेल्या टायरचा ५९० मिलिमीटर. टायरच्या अंगावर ५५९ हा आकडा असल्याशिवाय तो घेऊ नये.

१५. कँटिलिव्हर ब्रेक नीट लागत नाहीत. त्याऐवजी व्ही-ब्रेक लावावेत का?

कँटिलिव्हर म्हणजे व्ही-ब्रेकच्या आधीचे, आडव्या तारेने दोन हात ओढून रिम दाबणारे ब्रेक. आधी आहेत तेच जुळवून पाहावेत. जुने रबर दगडासारखे कडक झालेले असते, ते बदलल्यावरच निम्मा फरक पडतो. रबराचे पुढचे टोक रिमला किंचित आधी लागेल असे ठेवावे. दोन्ही बाजूंना जोडणारी आडवी तार जितकी खाली, तितका जोर जास्त मिळतो, पण रबराची हालचाल कमी होते. पुढच्या ब्रेकची मुख्य केबल तुटली तर ही आडवी तार खडबडीत टायरवर पडून चाक जाम करू शकते. म्हणून पूर्वी फोर्कवर असलेला रिफ्लेक्टरचा ब्रॅकेट शोभेसाठी काढून टाकू नये.

व्ही-ब्रेक त्याच खुंट्यांवर बसतात, पण त्यांना जवळपास दुप्पट केबल ओढली जावी लागते. लिव्हर जुनेच ठेवले तर ते हँडलला टेकतील आणि सायकल थांबणार नाही. लिव्हरसह बदलावे किंवा बदलूच नये.

१९८६ ते १९८८ च्या सुमाराच्या कित्येक सायकलींत मागे यू-ब्रेक असतो, तोही बॉटम ब्रॅकेटजवळ खाली, जेथे चिखल साचतो. त्याच्या खुंट्या रिमच्या बाहेरच्या, म्हणजे टायरच्या अंगाला असतात, त्यामुळे तेथे कँटिलिव्हर किंवा व्ही-ब्रेक बसत नाही. त्याचे रबर झिजत जाईल तसे वर सरकते आणि टायरची बाजू कापते. दर महिन्याला वाकून एकदा पाहावे.

१६. चेन बदलली तर दातेही बदलावे लागतात का?

ते झिजेवर अवलंबून आहे. नव्या चेनमध्ये बारा पूर्ण कड्या मोजल्या की बरोबर १२ इंच भरतात. १/१६ इंच वाढ झाली असेल तर चेन बदलावी. १/८ इंच वाढली असेल तर मागचे दातेही बहुधा गेले आहेत. पाच ते आठ गिअरच्या मागच्या संचाला आजची आठ गिअरची चेन चालते.

१७. दुसरे मागचे चाक फ्रेममध्ये बसत नाही. फ्रेम फाकवावी का?

१९८०च्या दशकातील अनेक फ्रेममध्ये मागच्या ड्रॉपआउटमधील अंतर १२६ किंवा १३० मिलिमीटर असते, नंतर १३५ रूढ झाले. पोलादी फ्रेम जाणकाराकडून १३५ पर्यंत कायमची फाकवून घेता येते, मात्र त्यानंतर ड्रॉपआउट पुन्हा समांतर करावे लागतात, नाहीतर आस वाकतो. ॲल्युमिनियम, टायटॅनियम किंवा कार्बनची फ्रेम अशी फाकवू नये. दुर्मीळ फ्रेमला तर हात लावण्यापेक्षा त्या मापाचा जुना हब शोधलेला बरा.

१८. मूळच्या साध्या फोर्कऐवजी सस्पेन्शन फोर्क लावता येईल का?

बसेल, पण सायकल बिघडेल. साध्या फोर्कची आसापासून मुकुटापर्यंतची (फोर्कचे दोन पाय वर जुळतात तेथपर्यंतची) उंची सुमारे ४० सेंटिमीटर असते; आजचा १०० मिलिमीटर चालीचा फोर्क त्याहून सहज पाच-सहा सेंटिमीटर उंच असतो. पुढचा भाग उचलला गेल्याने हँडल सुस्त होते आणि हेडट्यूबवर तिच्यासाठी न योजलेला ताण येतो. शिवाय हेडसेटची मापे १ इंच, १ १/८ इंच आणि काही सायकलींत १ १/४ इंच अशी वेगवेगळी आहेत.

सायकल मूळचीच सस्पेन्शनची असेल तर अडचण वेगळी असते. १९९०च्या दशकातील बऱ्याच फोर्कमध्ये स्प्रिंगऐवजी इलॅस्टोमर (रबरासारखे लवचिक ठोकळे) असतात, आणि ते आता एकतर कडक झालेले किंवा चिकट लगदा झालेले निघतात. फोर्क उघडण्यापूर्वी बदली संच मिळतो का, ते पाहावे.

१९. जुनी ॲल्युमिनियम किंवा कार्बनची फ्रेम चालवणे सुरक्षित आहे का?

पोलाद बहुतेक वेळा तुटण्याआधी सूचना देते. ॲल्युमिनियम थकत जाते आणि भेग वेगाने वाढते. कार्बनच्या नळ्या ॲल्युमिनियमच्या सांध्यांत चिकटवलेल्या सुरुवातीच्या फ्रेममध्ये गोंद सुटण्याचा धोका असतो. सांध्याजवळ करकर आवाज आला किंवा रंगाला गोल भेग दिसली, तर ती भिंतीवरच शोभते. फ्रेम कोणतीही असो, हलके ॲल्युमिनियमचे हँडल आणि स्टेम चालवण्याच्या सायकलीवर नवे लावावेत आणि मूळचे जपून ठेवावेत.

२०. काही भाग मूळचे नाहीत. मग सायकल ‘अस्सल’ राहते का?

टायर, चेन, केबल, ब्रेकचे रबर, पकडीचे रबर आणि सीट या झिजणाऱ्या गोष्टी आहेत. त्या बदलल्याने कोणी नाक मुरडत नाही, त्या काळच्या मिळाल्या तर उत्तमच. डिरेलर, क्रँक, शिफ्टर आणि हब त्याच वर्षाचे आणि त्याच संचातले असावेत, अशी अपेक्षा असते. एक अपवाद मात्र विसरू नये. छोट्या कारागिरांच्या फ्रेम बहुतेकदा सुट्या विकल्या जात आणि गिऱ्हाईक आपल्या खिशाला परवडतील ते भाग लावून घेई. अशा सायकलीवर एक्सटीचा मागचा डिरेलर आणि सनटूरचे ब्रेक एकत्र दिसले, तर कोणी नंतर हेराफेरी केली असे समजून ते बदलू नयेत; आधी प्रश्न ४ मध्ये दिल्याप्रमाणे तारखा ताडून पाहाव्यात.